अंदाजाचा ढाळ नको, अवकलज द्या

“आकडे टाका, मॉडेल टाका, बाकीचं सॉल्व्हर बघून घेतो.” भूजलाच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना हल्ली हाच धडा सर्वांत आधी मिळतो. पंपिंग टेस्टच्या नोंदींवरून खडकाचे गुणधर्म काढायचे म्हणजे अरेषीय लघुतम वर्गाचा सॉल्व्हर चालवणं आलं. त्या सॉल्व्हरला प्रत्येक फेरीत एक गोष्ट हवी असते: अमुक गुणधर्म किंचित बदलला तर मॉडेलचं उत्तर किती बदलतं? हाच अवकलज. तो गणिताने काढून सूत्ररूपात द्यावा, की सॉल्व्हरला आकडे थोडे हलवून अंदाजाने काढू द्यावा, असा हा वाद आहे. हलवून काढणाऱ्यांची बाजू सध्या जोरात आहे. ते म्हणतात, हाताने काढलेल्या सूत्रात चुका होतात. संगणक आता इतके वेगवान झालेत की वेळेचा प्रश्नच उरला नाही. विहिरीतलं मोजमाप मुळात सेंटीमीटरचं, मग अवकलज आठ अंकांपर्यंत अचूक कशाला? आणि ज्या खडकात आपण काम करतो तो पुस्तकातल्या गृहीतकांत बसतच नाही, मग एवढी गणिती कसरत कोणासाठी?

या चारही म्हणण्यांत थोडंथोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पांढुर्णा-सौंसरच्या विहिरींच्या बाबतीत तर तो घातक आहे. म्हणून हे उत्तर.

आधी जागा. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण बोली आणि बागा विदर्भाच्या. पलीकडच्या वरुड-मोर्शीसारखाच हा संत्र्याचा पट्टा. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट. पूर्वेकडे, सौंसरच्या बाजूला, फार जुने रूपांतरित खडक उघडे पडतात. मँगेनीजसाठी नावाजलेल्या या खडकांना भूविज्ञानात सौंसर समूह म्हणतात, तो याच गावाच्या नावावरून. दोन्ही प्रकारच्या खडकांत पाणी असतं ते झिजलेल्या वरच्या थरात, सांध्यांत आणि भेगांत. आंब्या बहार धरलेल्या बागेला एप्रिल-मे महिन्यांत पाणी तुटलं की फळगळ होते. मृगाचा बहार धरणारा मे महिन्यात बागेला ताण देतो आणि पावसाची वाट बघतो, आणि पाऊस लांबला की त्याचीही मोटर सुरू होते. म्हणजे उपसा नेमका त्याच दिवसांत वाढतो जेव्हा विहिरींत पाणी सर्वांत कमी असतं. अशा वेळी धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या विहिरीवर आपल्या बोअरचा किती परिणाम होईल, हा प्रश्न भांडणाचाही असतो आणि गणिताचाही. गणिताला त्यासाठी दोन आकडे लागतात. खडकातून पाणी किती सहज वाहतं ती वहनक्षमता, भूजलवाल्यांची ट्रान्समिसिव्हिटी. आणि पातळी उतरली की खडक किती पाणी सोडतो तो साठवणगुणांक, स्टोरेटिव्हिटी.

हे दोन आकडे काढण्याचं मूळ सूत्र सी. व्ही. थाइस यांनी १९३५ मध्ये दिलं. उष्णता पत्र्यातून जशी पसरते त्याच गणिताने उपशाचा परिणाम खडकातून पसरतो, हे त्यांनी ओळखलं आणि लुबिन या गणितज्ञाच्या मदतीने सूत्र बसवलं. उपशाला चार, पाय आणि वहनक्षमता यांच्या गुणाकाराने भागायचं. या भागाकाराला आपण गुणक म्हणू. त्याला एका विहीर-फलाने गुणलं की निरीक्षण विहिरीतली पातळी किती उतरली ते मिळतं. हे फल एकाच संख्येवर अवलंबून असतं, तिला यू म्हणतात. अंतराचा वर्ग गुणिले साठवणगुणांक, भागिले चार वेळा वहनक्षमता गुणिले वेळ, असा तो यू.

विहीर-फल काढायला मालिका किंवा तक्ता लागतो, ते साध्या बीजगणितात मावत नाही. पण त्याचा अवकलज काढून पाहा. तो निघतो उणे घातांकी घटक भागिले यू, आणि घातांकी घटक म्हणजे ई या संख्येचा उणे यू एवढा घात. मालिका गेली, तक्ता गेला. ज्या गोष्टीचा अवकलज काढणं कटकटीचं म्हणून सॉल्व्हरवर ढकललं जातं, तिचा अवकलज मूळ फलापेक्षा सोपा आहे. साठवणगुणांकासाठी उत्तर येतं: उणे गुणक गुणिले घातांकी घटक, भागिले साठवणगुणांक. वहनक्षमतेसाठी: घातांकी घटकातून विहीर-फल वजा करा, गुणकाने गुणा, वहनक्षमतेने भागा. दोन ओळींचं काम.

आकडे घालून बघू. समजा उपसा रोज २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर, साठवणगुणांक ०.००३, निरीक्षण विहीर ३० मीटरवर, वेळ दिवसाचा दहावा भाग. यू येतो ०.१३५, विहीर-फल १.५५५८, पातळीची घट ०.४९५ मीटर. साठवणगुणांकाचा अवकलज उणे ९२.७, वहनक्षमतेचा उणे ०.००४३४. कॅल्क्युलेटरवर कुणालाही पडताळता येईल.

आता हलवून काढण्याची रीत. एक्सेलच्या शीटमध्ये स्वतः लिहिलेल्या कोडात एकच ठराविक पायरी ठेवलेली पुष्कळदा दिसते, ०.००१ सारखी. वहनक्षमतेला ती पायरी चालून जाते. साठवणगुणांकाला तीच पायरी लावली की ०.००३ चा एकदम ०.००४ होतो, आणि अवकलज उणे ७८.३ येतो. खऱ्यापेक्षा १५ टक्क्यांनी कमी. सॉल्व्हर काही तक्रार करत नाही. तो पुढच्या फेरीला निघतो.

यावर समोरून उत्तर येतं की चांगले सॉल्व्हर पायरी आकड्याच्या प्रमाणात घेतात. खरं आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. संगणकाच्या दुहेरी अचूकतेत आकड्याच्या सुमारे साडेसहा कोटीव्या भागाएवढी प्रमाणशीर पायरी घेतली, आणि फल स्वच्छ असलं, तर वरच्या उदाहरणात सात अंक बरोबर येतात. थाइसचं सूत्र काळजीपूर्वक लिहिलेलं असेल तर हलवून काढलेला अवकलज सॉल्व्हरला उत्तरापर्यंत नेतो. माझा आक्षेप “कधीच चालत नाही” असा नाही. फल स्वच्छ नसतं तेव्हा ही रीत न सांगता बिघडते, आणि स्वच्छ असतं तेव्हाही ती आपल्याला काहीच शिकवत नाही, असा आहे. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो आधी.

साठवणगुणांक आणि वहनक्षमता थेट न धरता त्यांचे लॉगॅरिदम धरून फिट करायची पद्धत आहे, म्हणजे ते कधी ऋण होत नाहीत. मग दोन अवकलज आणखी सुटसुटीत होतात. एक उणे गुणक गुणिले घातांकी घटक, दुसरा गुणक गुणिले (घातांकी घटक वजा विहीर-फल). दोन्हींची बेरीज करा. घातांकी घटक कटतो आणि उरते ती पातळीची घट, उणे चिन्हासह. वरच्या उदाहरणात उणे ०.२७८ आणि उणे ०.२१७, बेरीज उणे ०.४९५. हा संबंध प्रत्येक वेळी, प्रत्येक अंतरावर खरा असतो. सॉल्व्हरने अंदाजाने काढलेले स्तंभ, म्हणजे एकेका गुणधर्माचे सगळ्या नोंदींवरचे अवकलज, या कसोटीवर घासून बघता येतात, पण कसोटी अस्तित्वात आहे हे कळायला आधी सूत्र मांडावं लागतं.

पुढे पाहा. पंप बराच वेळ चालला की यू लहान होत जातो आणि घातांकी घटक एकाशी येऊन थांबतो. म्हणजे साठवणगुणांकाचा स्तंभ पूर्ण सपाट होतो. दहाव्या तासाला जेवढा, विसाव्या तासाला तेवढाच. आता एक व्यवहारातली चूक घ्या. टेस्ट सुरू करताना स्थिर पातळी म्हणून जी नोंद केली ती खरी स्थिर नव्हती, कारण रात्री वीज होती आणि मोटर चालली होती. अशी चूक सगळ्या नोंदींत सारखीच घुसते. तिचाही स्तंभ सपाट. दोन सपाट स्तंभ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या पातळीतली सगळी चूक साठवणगुणांकात जाऊन बसते. किती? चुकीला गुणकाने भागा. १० सेंटीमीटरची चूक आपल्या उदाहरणात साठवणगुणांक तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हलवते. यावर उपाय जास्त वेळ पंप चालवणं हा नाही. स्थिर पातळी नीट घ्यायला हवी, आणि पहिल्या काही मिनिटांच्या नोंदी दाट घ्यायला हव्यात, कारण साठवणगुणांकाचा स्तंभ फक्त तेव्हाच वाकलेला असतो. वावरात जाण्याआधी हे कळलं तर टेस्टची आखणीच बदलते. सॉल्व्हरच्या पोटात दडलेल्या अंदाजातून हे कळत नाही.

याहून गंभीर गोष्ट निरीक्षण विहिरीची. या भागात बहुतेक टेस्ट एकाच बोअरवर होतात, तीच उपशाची आणि तीच मोजमापाची. जवळ दुसरी विहीर नसते, असली तर ती शेजाऱ्याची असते आणि त्याची मोटर चालू असते. मग सूत्रातलं अंतर म्हणजे बोअरची परिणामी त्रिज्या. ती खडकातल्या भेगांमुळे माहीत नसते, म्हणून काही जण तीही सॉल्व्हरलाच शोधू देतात. त्रिज्येसाठी अवकलज मांडा: उणे दोन वेळा गुणक गुणिले घातांकी घटक, भागिले त्रिज्या. साठवणगुणांकाच्या अवकलजाशेजारी ठेवला तर दोघांचं गुणोत्तर वेळेवर अजिबात अवलंबून नाही असं दिसतं. एक स्तंभ दुसऱ्याची पट आहे, तंतोतंत. या टेस्टमधून साठवणगुणांक निघूच शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हलवून काढलेल्या दोन स्तंभांत आठव्या अंकाला पूर्णांकनाचा फरक राहतो, सॉल्व्हरला ते दोन वेगळे स्तंभ वाटतात, तो एक उत्तर छापतो, आणि ते अहवालात तीन दशांशांपर्यंत जातं. पुढे ते वाचणारा अधिकारी ते खडकाचं मोजलेलं वैशिष्ट्य समजतो.

त्याने काय बिघडतं? १०० मीटरवरच्या शेजाऱ्याच्या विहिरीचा हिशेब करा. वरच्याच उपशाने महिनाभर पंप चालला, साठवणगुणांक ०.००३, तर तिथली पातळी १.५ मीटर उतरेल. तोच गुणांक ०.००१ धरला तर १.८५ मीटर. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी दोन मीटर पाणी उरलं असेल तर या ३५ सेंटीमीटरवर फूट-व्हॉल्व्हला पाणी लागेल की नाही ते ठरतं.

आता बिघडण्याची बाजू. बोअर अलीकडचे, पण या पट्ट्यात मोठ्या व्यासाच्या खोदविहिरी अजून शेकड्यांनी आहेत. अशा विहिरीत पंप लावला की आधी विहिरीतलंच साठलेलं पाणी येतं. व्यास ६ मीटर असेल तर २०० घनमीटर रोजच्या उपशाने नुसत्या साठ्यामुळे पातळी तासाला साडेएकोणतीस सेंटीमीटर उतरते, खडकाने थेंबही दिला नाही तरी. थाइसचं सूत्र इथे चालत नाही. विहिरीतला साठा धरणारं सूत्र पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिलं. ते एका अवघड समाकलात आहे, म्हणून बहुतेक जण ते लाप्लास रूपात मांडतात आणि स्टेहफेस्टच्या १९७० च्या पद्धतीने उलटवून वेळेत आणतात. नेमकी इथे हलवणाऱ्यांची रीत अडचणीत येते.

स्टेहफेस्टच्या पद्धतीत बारा पदं घेतली तर त्यांचे गुणांक आलटूनपालटून धन आणि ऋण असतात, आणि त्यातला सर्वांत मोठा ८० लाखांवर जातो. एवढ्या मोठ्या धन-ऋण आकड्यांची वजाबाकी होऊन लहान उत्तर उरतं, म्हणजे संगणकाच्या सोळा अंकांपैकी सात-आठ अंक तिथेच खर्ची पडतात. उत्तरात साधारण अब्जाव्या भागाचा पूर्णांकनाचा गोंगाट राहतो. पातळी सांगताना तो जाणवतही नाही. पण अवकलजासाठी आकडा साडेसहा कोटीव्या भागाने हलवून दोन उत्तरांची वजाबाकी केली, की त्या अब्जाव्या भागाच्या गोंगाटाला त्या चिमुकल्या पायरीने भागलं जातं. अवकलजात पाच-सात टक्क्यांची चूक सहज येते, आणि ती दर नोंदीला वेगळी, कधी वर कधी खाली. फलाची स्वच्छता न बघता पायरी ठरवणारा सॉल्व्हर हेच करणार, कारण फल सोळा अंकांपर्यंत खरं आहे हे त्याचं गृहीतक आहे. समाकल संख्यात्मक रीतीने काढला तर आणखी वाईट होऊ शकतं: सहिष्णुता दहा लाखाव्या भागाची ठेवली आणि दोन हिशेबांत पट्ट्यांची विभागणी बदलली, तर गोंगाट खऱ्या अवकलजाच्या कितीतरी पट होतो.

सूत्राने काय होतं? लाप्लास रूपातलं उत्तर बेसेलच्या दोन सुधारित फलांत लिहिलेलं असतं, शून्य क्रमाचं आणि पहिल्या क्रमाचं. पहिल्याचा अवकलज म्हणजे उणे चिन्हाने दुसरं. दुसऱ्याचा अवकलज या दोघांतच लिहिता येतो. म्हणजे घट काढताना जे आकडे आधीच काढले तेच अवकलजाला पुरतात, नवीन फल एकही लागत नाही. लाप्लास रूपातच अवकलज काढायचा आणि त्याच स्टेहफेस्टने उलटवायचा. अवकलज घटीइतकाच स्वच्छ येतो, कारण मधे ती जीवघेणी वजाबाकी नाही.

आणि हा स्वच्छ अवकलज खोदविहिरीबद्दल एक गोष्ट सांगतो. पंप सुरू झाल्यावर पहिला बराच वेळ, दोन्ही गुणधर्मांचे स्तंभ शून्याला चिकटलेले असतात. पातळी उतरतेय ती विहिरीच्या साठ्यामुळे, तिच्यात खडकाची माहिती नाही. या नोंदी कितीही काटेकोर घेतल्या तरी वहनक्षमतेबद्दल त्या काही बोलणार नाहीत. ज्याच्या अवकलजात पाच टक्क्यांचा गोंगाट आहे त्याला मात्र तिथेही काहीतरी दिसतं. नसलेली माहिती सॉल्व्हर असलेली समजतो.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. टेप सेंटीमीटर दाखवतो, म्हणून अवकलजही ढोबळ चालेल, हे वरवर पटण्यासारखं आहे. पण या दोन चुका वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. मोजमापातल्या चुकीमुळे लघुतम वर्गांचा तळ थोडा सरकतो, आणि किती सरकतो त्याचा हिशेब विश्वासमर्यादेत धरलेला असतो. अवकलजातल्या चुकीमुळे सॉल्व्हर तळाशी न पोचताच थांबतो, आणि याचा हिशेब कुठेच नसतो. सॉल्व्हर थांबतो कुठे? नोंदी आणि मॉडेल यांच्यातल्या फरकांची यादी प्रत्येक स्तंभाला लंब होते तिथे. स्तंभच चुकीचे असतील तर तो दुसऱ्याच कशाला तरी लंब अशी जागा शोधतो आणि तिथे “अभिसरण झालं” असं छापतो. मॉडेल नोंदींना अगदी जुळत असेल, फरक जवळजवळ शून्य असतील, तर चुकीच्या स्तंभांनीही सॉल्व्हर उशिरा का होईना बरोबर जागी येतो, कारण शून्य सगळ्यालाच लंब असतं. फरक मोठे राहत असतील तर येत नाही.

यातच चौथ्या युक्तिवादाचं उत्तर आहे. थाइस एकजिनसी, अमर्याद पसरलेला खडक धरतो, आणि पांढुर्ण्याचा बेसॉल्ट तसा नाही, सौंसरचे पट्टेदार खडक तर नाहीतच. कुठे भेग संपते, कुठे डाइक आडवा येतो, कुठे वरचा मुरूम वेगळं पाणी सोडतो. म्हणून मॉडेल आणि नोंदी यांत मोठे फरक राहतातच. “मॉडेलच खरं नाही, मग अवकलज कशाला नीट हवा” असं म्हणणाऱ्यांनी गणित उलटं धरलं आहे. मॉडेल जितकं कमी जुळतं तितकी अवकलजाची चूक उत्तरात जास्त उतरते. जिथे खडक सरळ वागतो तिथे ढिसाळपणा माफ होतो. आपल्याकडे होत नाही.

विश्वासमर्यादेबद्दल एवढंच सांगायला हवं की ती याच स्तंभांतून निघते. स्तंभांच्या मॅट्रिक्सला तिच्याच पालटाने गुणायचं आणि उलटवायचं. स्तंभ एकमेकांना जवळजवळ समांतर असले की हे उलटवणं अत्यंत संवेदनशील होतं, आणि लांबलेल्या टेस्टच्या शेवटच्या नोंदींवर काम करणाऱ्याचे स्तंभ समांतरच्या जवळ असतात. तिथे अवकलजातले काही टक्के उत्तराच्या अनिश्चिततेला कित्येक पट फुगवू किंवा दाबू शकतात.

राहिला चुकांचा युक्तिवाद, आणि तो या चारांत सर्वांत प्रामाणिक आहे. चुकीचं सूत्र देणं हे न देण्यापेक्षा वाईट, हे मला पूर्ण मान्य आहे. लेव्हनबर्ग-मार्क्वार्टच्या सॉल्व्हरला चुकीचा अवकलज दिला तर तो ओरडत नाही. पावलं लहान करत जातो, अडखळतो, आणि शेवटी पाऊल इतकं लहान होतं की तो काम संपलं असं समजतो. पण यातून निघतं ते सूत्र तपासून घ्यावं असं. सूत्र देऊच नये हे यातून निघत नाही. तपासणी नवी नाही, अवघडही नाही. आर्गॉन प्रयोगशाळेच्या मोरे, गार्बो आणि हिलस्ट्रॉम यांनी १९८० मध्ये मिनपॅक हा संच दिला, त्यात अवकलज मागणारा एलएमडर आहे, स्वतः हलवून काढणारा एलएमडिफ आहे, आणि दिलेला अवकलज तपासणारा चेकडर सुद्धा आहे. हलवण्याची जागा ही आहे. एकदा, काम सुरू करण्याआधी, मध्यवर्ती फरकाने, गुणधर्मांच्या दोन-चार वेगवेगळ्या किमतींवर सूत्र पडताळा. चार-पाच अंक जुळले तर सूत्र बरोबर. चिन्ह चुकलं असेल, दोनाचा गुणक राहिला असेल, तर तो पहिल्याच आकड्यात दिसतो. त्यासाठी आठ अंकांची गरज नसते, म्हणून पायरीही मोठी आणि निर्धोक घेता येते. प्रत्येक फेरीत, प्रत्येक नोंदीला ज्या अंदाजावर विसंबायचं नाही, तो पडताळणीला उत्तम आहे.

त्याहून तीक्ष्ण साधनही आहे. गुणधर्माला वास्तव पायरी न देता काल्पनिक पायरी द्यायची आणि उत्तराचा काल्पनिक भाग पायरीने भागायचा. लायनेस आणि मोलर यांनी १९६७ मध्ये या विचाराची वाट दाखवली, आणि स्क्वायर व ट्रॅप यांनी १९९८ मध्ये तो अगदी सोप्या रूपात मांडला. यात वजाबाकी नाही, म्हणून पायरी वाटेल तेवढी लहान घ्या, अंक हरवत नाहीत. मालिकेने लिहिलेलं विहीर-फल सम्मिश्र संख्याही निमूट घेतं. कोडात कुठे निरपेक्ष मूल्य घेतलेलं नसलं की झालं.

स्वयंचलित अवकलनाचं काय, असा प्रश्न येईल. माझा त्याला विरोध नाही. कोडाच्या ओळीओळीला साखळी नियम लावून जो अवकलज निघतो तो अंदाज नसतो, आणि मोठ्या मॉडेलात मी तोच पसंत करीन. फक्त एक लक्षात ठेवायचं. विहीर-फल पुष्कळ कोडांत एकाच्या खाली एका बहुपदीने आणि एकाच्या वर दुसऱ्या अपूर्णांकाने काढलेलं असतं. स्वयंचलित अवकलन त्या बहुपदीचा अवकलज काढतं, विहीर-फलाचा नाही. खरा अवकलज एका ओळीचा आहे, तो त्या फलापुरता हाताने द्या आणि बाकीचं यंत्रावर सोडा.

वेगाबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. दोन गुणधर्मांच्या फिटला अर्धा सेकंद लागला काय आणि एक लागला काय, त्यावर वाद घालणं पोरकटपणा आहे. पण आख्ख्या पाणलोटाचं मॉडेल असेल, वहनक्षमता शंभर ठिकाणी वेगळी शोधायची असेल, आणि एकदा मॉडेल चालवायला पाच मिनिटं लागत असतील, तर हलवण्याच्या रीतीत एका फेरीला शंभराच्या वर वेळा मॉडेल चालवावं लागतं, म्हणजे एकाच संगणकावर आठ तासांहून जास्त. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॉडफ्लो-२००० मध्ये संवेदनशीलतेची समीकरणं मॉडेलच्या आतच सोडवण्याची सोय होती. पुढच्या मॉडफ्लो-२००५ मध्ये ती ठेवली नाही, आणि पेस्टसारखी साधनं मॉडेलला बाहेरून हलवूनच काम करतात. हा दाखला माझ्याविरुद्ध दिला जातो. तो योग्य आहे, पण त्याची हद्द बघा. पेस्ट हलवतं कारण त्याला मॉडेलच्या आत शिरता येत नाही. समोर बंद पेटी असते. थाइसचं सूत्र बंद पेटी नाही. पापाडोपुलोस-कूपरचंही नाही. ज्याच्या हातात सूत्र आहे त्याने पेटी बंद असल्यासारखं वागण्याचं कारण नाही.

आणि पेटी खरंच बंद असेल तेव्हा पेस्ट वापरणारे जाणकार पायरी आकड्याच्या एक टक्क्याच्या आसपास मोठी ठेवतात, गरज पडली की मध्यवर्ती फरक घेतात, मॉडेलच्या आतल्या सॉल्व्हरची सहिष्णुता घट्ट करतात, कारण गोंगाट किती आहे हे ते आधी मोजतात. एवढी शिस्त पांढुर्ण्याच्या एका बोअरच्या अहवालातही यावी, अशी माझी मागणी आहे. वहनक्षमता आणि साठवणगुणांक यांच्याखाली तीन ओळी असाव्यात: अवकलज सूत्राने दिला की हलवून, हलवून असेल तर पायरी किती आणि फलाचा गोंगाट किती, आणि स्तंभ एकमेकांना किती समांतर निघाले. निरीक्षण विहीर नसेल तर साठवणगुणांकाच्या रकान्यात आकडा न लिहिता “या टेस्टमधून निघत नाही” असं लिहावं.